टेबलावरचा तुटका शाफ्ट

आबा, आज मी फार संतापलो आहे. तुमची सून गेल्या वर्षी गेली. ऐकून घेणारे घरात कोणी उरलेले नाही, म्हणून तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी तुम्हांला लिहीत आहे.

आपल्या औद्योगिक वसाहतीत नव्या उद्योजकांना आधार देण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. आज जळगावातच त्याचे उद्घाटन होते. शाली झाल्या, भाषणे झाली. प्रत्येकाने रंग मारलेले, चालू स्थितीतले यंत्र मांडले होते. शिंदखेड्याची एक मुलगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र बनवते. तिने मात्र तुटका शाफ्ट टेबलावर ठेवला आणि सरळ विचारले, "हा दर वेळी इथूनच तुटतो. का तुटतो, कोणी सांगेल का?"

अध्यक्ष म्हणाले, "ताई, ते लोखंड आधी खाली ठेवा. फोटो काढताहेत."

सभागृह हसले. आपला शेजारी कारखानदारही हसला, ज्याचा शाफ्ट गेल्याच हंगामात नेमका तिथेच तुटला होता. बाहेर पडल्यावर मी त्याला जाब विचारला.

"भाऊ, बँकेचे साहेब पुढच्या रांगेत बसले होते. त्यांच्यादेखत आपली मोडतोड कोण काढतो?"

मग हा आधार कोणाला, आणि कशाचा? आपल्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद असत आणि माणसे येत. कोणी गोणपाटात गिअर लपवून दाराशी घुटमळतो आहे, आणि तुम्ही टेबलाकडे बोट दाखवून ओरडता आहात, "तुटनं ते आठे ठेव! लाज कसानी?" शेजारी स्वतःचे तडकलेले ओतकाम तुम्ही आधीच मांडलेले असे. तुमच्यामागे तुमच्या सुनेने ते चालवले. "भाऊजी, पिशवी उघडा, नाहीतर चहा मिळणार नाही," असे ती भल्याभल्यांना दटावत असे. ती गेल्यावर मी सुट्टीला शेडला कुलूप लावू लागलो. का, असे एकानेही विचारले नाही.

ती मुलगी फाटकाशी उभी होती. "नाना, मी जाते. वडील म्हणतात, भंगारात दे नि नोकरी धर."

"येत्या सुट्टीला शाफ्ट घेऊन आमच्या शेडवर या," मी म्हणालो.

"अजून कोण असतं तिथे?"

"बरेच जण येतात."

हा कागद कुठेही जायचा नाही, तेव्हा इथे खरे लिहितो. तुमची सून गेल्यापासून शेडवर एकही जण आलेला नाही, आणि मी अद्याप कोणाला बोलावलेलेही नाही.