कड्या लावून बसलो, त्याची गोष्ट

लाडक्या धाकटीस ताईचे मनापासून आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. तुझ्या नातीचा ताप उतरला का?

आधीच सांगते, आम्हाला कुणी बाहेर काढलेलं नाही. आमच्या या म्हाताऱ्यांच्या इमारतीत निम्मं भाडं सरकार भरतं, हे तुला ठाऊक आहेच. परवा सरकारी कचेरीतला साहेब तपासणीला आला. "भाडं वाढवायला आलाय, दारं उघडू नका," असं शेजारचे रिटायर कंडक्टर सगळ्यांना सांगत सुटले. आम्ही कड्या लावल्या, पंखे बंद केले आणि चिडीचूप बसलो. मी तर खोकला पदरात दाबला. साहेबाने दारं ठोठावली आणि तो निघून गेला.

काल कळलं, खोल्यांत माणसं राहतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. आता त्याच्या लेखी आमचा अख्खा मजला रिकामा! रिकाम्या खोल्यांचे पैसे सरकार कशाला भरेल? आणि पूर्ण भाडं आमच्यापैकी कुणालाच झेपायचं नाही.

कंडक्टरना मी चांगलं फैलावर घेतलं. मग ते जेवेनात, म्हणून ताटही मीच नेऊन दिलं.

उद्या साहेब पुन्हा येतोय. आम्ही सकाळपासून दारं सताड उघडी टाकून दारातच खुर्च्या मांडणार आहोत. बघू, आम्ही त्याला कसे दिसत नाही ते!

तू अजिबात काळजी करू नकोस. सहज विचारते, तुझ्या मागच्या खोलीतलं शिलाई मशीन जरा सरकवलं, तर तिथे एक खाट मावेल का गं? घरात कुणाला बोलू नकोस. नुसतं नजरेने मापून बघ.

तुझीच,
ताई