तीन वर्षं टिकणारी मच्छरदाणी

९ सप्टेंबर, सोमवार
सुजाताला लोणंदहून घेऊन आलो. सातवा महिना. पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणं आपल्या घरी. व्याही निघताना एवढंच म्हणाले, जपा, तुमच्याकडं नदीकाठाला डास फार. खोटं नाही. कालव्याकडच्या वस्तीत तिघं तापानं पडलेत, दोघांचं रक्त मलेरियाचं निघालं. पोटुशीला हा ताप फार वाईट, आईला आणि बाळालाही, असं शेजारची शोभा संध्याकाळी सांगून गेली. ती गावची आशाताई आहे, उगाच भीती घालणारी नाही.
सरकारनं दिलेली मच्छरदाणी सु.च्या बाजेवर बांधली. औषध मुरवलेली आहे, डास टेकला की मरतो, तीन वर्षं काळजी नाही, असं सांगून दिलेली. तिला यंदा कुठं तिसरं वर्ष लागलंय. बाजेच्या सुंभात खोचून खोचून खालची किनार उसवली आहे. हिनं, सु.च्या आईनं, बसून शिवली.
हरिपाठ म्हटला, पण मन सगळं त्या किनारीवर.

११ सप्टेंबर, बुधवार
गौरी जेवल्या. पुरण चांगलं झालं होतं. सु.ला पोटभर खाताना बघून बरं वाटलं.
दुपारी ती आडवी झाली तेव्हा सहज लक्ष गेलं. मच्छरदाणीवर डास बसलेला. नुसता टेकला नव्हता, चांगला पाय पसरून बसला होता. बराच वेळ बसला, मग उडून गेला. पहिल्या पावसाळ्यात सकाळी बाजेखाली मेलेले डास केरसुणीनं लोटावे लागायचे.
म्हणजे आता उरलं आहे ते नुसतं जाळीचं कापड. तेही ठिगळाचं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
आरोग्य केंद्रात गेलो. हिवताप विभागाचा साहेब जिल्ह्यावरून आलेला होता. वयानं माझ्याहून बराच लहान. सांगितलं, मुलगी गरोदर आहे, मच्छरदाणीतलं औषध गेलंय, दुसरी मिळेल का. तो म्हणाला, तिची मुदत तीन वर्षं, त्याआधी नवीन येत नाही. मी म्हटलं, मुदत असेल, पण डास तिच्यावर बसतोय. तर हसून म्हणतो,
"काका, तुम्ही लोक मच्छरदाणीनं मासे धरता, कोंबड्यांवर टाकता, आणि मग ती टिकत नाही म्हणून आमच्याकडं येता."
माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. उभ्या जन्मात माशाला हात लावलेला नाही. बाहेर येऊन नळाचं पाणी प्यालो.
"तुम्ही लोक." कोण लोक?

१५ सप्टेंबर, रविवार
राग जाईना म्हणून गल्लीत घरोघर विचारलं. बहुतेकांची मच्छरदाणी आमच्यासारखीच. किनार फाटलेली, कुठं चुलीची ठिणगी पडून भोक, औषधाचा मागमूस नाही. मासे धरणारा एकही सापडला नाही. पण गुंडाच्या मळ्यात गेलो तर याची मच्छरदाणी मिरचीच्या रोपांवर ताणलेली. शाळेपासूनचा दोस्त, म्हणून जास्तच संताप आला. म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळं आम्हाला ऐकून घ्यावं लागतं.
"फाटल्यावर घातली रं," म्हणाला. "फाटकी मच्छरदाणी माणसावर घालू का? डास येऊन म्हणंल, गड्या, दार उघडं ठेवलंस, लय उपकार झालं."
हसू आलं. नंतर बांधावर बसून विचार केला. गुंडाचं चुकीचं नाही. साहेब बांधावरून जाताना त्याला मच्छरदाणी रोपांवर दिसते. ती तिथं येण्याआधीच निकामी झाली होती, हे त्याला दिसत नाही. दिसायला विचारावं लागतं.
पण मग निकामी झाली कशानं? तीन वर्षं कुणीतरी कुठंतरी मोजूनच सांगितली असणार.

२० सप्टेंबर, शुक्रवार
पितृपक्ष लागला, बायकांनी घटाची धुणी काढली. घट बसायच्या आत घरातली चिंधीसुद्धा पाण्यातनं निघाली पाहिजे. नदीवर जुन्या गुऱ्हाळाची काहील चुलवाणावर चढवलेली, त्यात सोड्याचं उकळतं पाणी. वाकळा, चादरी, पडदे. आणि त्यांच्याबरोबर मच्छरदाण्या.
वाकळांची मोट उतरवून घरी निघणार होतो, पाय जागेवर थांबले. गल्लीतल्या साऱ्या मच्छरदाण्या काहिलीत रटरटत होत्या. मग दगडावर धोपटणं, मग भर उन्हात वाळूवर पसरणं. पहिल्या वर्षी असंच झालं, गेल्या वर्षी असंच.
आठवलं. पहिल्या वर्षी धुण्याच्या जागेखाली, डोहात, मासे उलटे होऊन वर आले होते. पोरांनी टोपलीभर गोळा केले. कारखान्याचं पाणी सुटलं असेल असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. आता वाटतं ते आमचं औषध होतं. तीन वर्षांचं औषध एका दिवसात नदीला वाहिलं. साहेबाचं म्हणणं असं खरं करून दाखवलं आम्ही, मच्छरदाणीनं मासे मारले.
हिला तिथंच म्हटलं, मच्छरदाण्या तेवढ्या बाहेर काढा. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. हिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आवं, तुमी घरला जावा."

२१ सप्टेंबर, शनिवार
सकाळी शोभाला गाठलं. विचारलं, धुवायची कशी हे कुणी का नाही सांगितलं. ती म्हणाली,
"काका, सगळं पिशवीवर छापलेलं व्हतं. पर पिशवी फाडून, नुसती मच्छरदाणी हातात द्यायची, असा वरनं हुकूम. पाकीटबंद दिली तर लोक बाजारात इकत्यात म्हणं."
त्या पिशव्यांचं काय केलं? केंद्रामागं जाळल्या.
आम्ही विकू या संशयानं सांगणंच जाळून टाकलं. आणि दोन वर्षांनी विचारतात, टिकली का नाही. बरं, शोभाला तरी सांगितलं होतं का? नाही. तिलाही एका दिवसात वाटून मोकळं व्हायला सांगितलेलं. त्या पोरीवर राग धरण्यात अर्थ नाही.
सु. आजही त्याच जाळीखाली झोपली. दंडावर चावल्याच्या गांधी. बाजारातनं अगरबत्ती आणली तर तिला धुरानं मळमळतं. केंद्रात पुन्हा निरोप दिला. उत्तर नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
शोभा दुपारी आली, पदराखाली काहीतरी झाकून. कोपऱ्यावरचं बिऱ्हाड पुण्याला गेलंय, त्यांच्या वाटणीची मच्छरदाणी तिच्याकडं तशीच पडून होती. कोरी, पिशवीसकट. म्हणाली, माझं नाव घेऊ नका.
सु.नं पिशवी वाचून दाखवली. आधी सावलीत पसरून वारा द्यायचा. धुवायची तर क्वचित, गार पाण्यात, साध्या साबणानं, हलक्या हातानं. उकळायची नाही, आपटायची नाही, उन्हात वाळवायची नाही. नदीवर जे जे झालं, त्या सगळ्याला तिथं मनाई होती.
पडवीत सावलीला पसरली. उद्या बांधू. किती दिवसांनी सु. हसली. म्हणाली, दादा, आता डासांच्या गौरी उठल्या, जेवण संपलं.

३० सप्टेंबर, सोमवार
घरात अबोला.
ही म्हणते, गुरुवारी घट बसणार, नवी असली म्हणून काय, पाणी न लागलेलं कापड देवीच्या घरात चालत नाही. शिवाय तिला औषधाचा वास. देव्हारा आणि सु.ची बाज एकाच सोप्यात, मध्ये भिंत नाही. मी म्हटलं, वाटलं तर गोमूत्र शिंपड, पण सोडा लावू देणार नाही. ती म्हणाली, माझ्या सासूनं कधी मोडलं नाही ते मी मोडू? उद्या पोरीला काही झालं तर गाव मला म्हणेल, घटाचं पाळलं नाही.
मला तेच म्हणायचं होतं, उलट बाजूनं. उद्या पोरीला काही झालं तर.
माझाही देवीवर जीव आहे. नऊ दिवसांचा उपास मीसुद्धा धरतो. पण सोड्याच्या पाण्यानं जिचं समाधान होतं आणि पोटुशी पोर तापली तरी चालतं, अशी ती असेल असं मनाला पटत नाही. हे हिला बोललो नाही. इथं लिहितोय.

२ ऑक्टोबर, बुधवार
ग्रामसभा. साहेबही हजर. उभा राहिलो. पिशव्यांचं सांगितलं (शोभाचं नाव न घेता), काहिलीचं सांगितलं. म्हटलं, नवीन मच्छरदाण्या आत्ता, उद्याचे घट बसले की द्या, म्हणजे वर्षभर तरी सोड्यातनं वाचतील. आणि देताना तोंडानं सांगा. आमच्यावर भरवसा नसेल तर पिशवी ठेवून घ्या, पण आधी वाचून दाखवा.
साहेब म्हणाला, सूचना चांगली आहे, वरती कळवतो. कागदावर काही लिहिलं नाही.
त्याचं एक वेळ सोडून द्यावं. पण मागनं आमच्याच भावकीतला एक ओरडला, "आता देवीचं धुणं बी सरकारला इचारून करायचं व्हय?" आणि सगळे हसले. साहेबही हसला. त्या एका गोष्टीवर तो आणि गाव एक झाले.
गुंडा तेवढा उठून म्हणाला, "हसताय कशाला? ह्याची पोर पोटुशी हाय." मग पाणीपट्टीचा विषय निघाला.

३ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी घट बसले. माती, धान्य, विड्याची पानं, सगळं यथासांग. मच्छरदाणी न धुताच बाजेवर होती. आरतीला सु. उभी राहिली आणि मधेच म्हणाली, दादा, थंडी वाजतीय.
भर दुपारी दोन वाकळा घालून कुडकुडत होती. मग अंग तापलं. शोभा धावत आली. लगेच कळणारं तपासणीचं किट महिन्यापासून संपलेलं, केंद्रातही नाही. म्हणून बोटातनं रक्त काढून काचेवर घेतलं आणि स्वतः गाडीवरून पोचवायला गेली. उत्तर उद्या.
नवी मच्छरदाणी येऊन आठवडा झाला. शोभा म्हणाली, असला ताप आला तर तो आधीच्या चावण्याचा असतो. आधीच्या म्हणजे त्या उकळलेल्या जाळीतल्या. गाडीचं सांगून ठेवलंय, सकाळी कराडला मोठ्या दवाखान्यात नेणार, उत्तर काहीही येवो. सु. म्हणते, बाळ हलतंय. हे तिनं मी न विचारता दोनदा सांगितलं.
हिचा आज कडक उपास. घटापुढची समई बघायची सोडून लेकीच्या उशाला बसली आहे. मघाशी उठून मच्छरदाणीची किनार चारी बाजूंनी वाकळेखाली खोचली, सुंभात नाही. मग हात तसेच किनारीवर ठेवून म्हणाली, "आवं, आई रागवंल का वो?"
कुठली आई, हे विचारायची गरज नव्हती. मी देव्हाऱ्याकडं बघितलं. नाही रागवणार, असं म्हणायला हवं होतं. मला तसं वाटतंही. पण त्या क्षणी मीच रागावलो होतो, आणि कुणाकुणावर रागावलो होतो त्यात देव्हाऱ्यातली आईही होती.
शोभा अजून परतलेली नाही.