माझ्या हातून पडलं

अण्णा, मागच्या महिन्यात आम्ही तिघं जपानला जाऊन आलो. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. माझं लग्न, कतारमधली नोकरी, तुमची नात, यातलं काहीच तुम्ही पाहिलं नाहीत. नात आता अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर इंग्रजीतच देते. तुमचा जावई इथे दोह्यात गॅस कंपनीत आहे आणि मी बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. कुठे काय पडेल, कुणावर पडेल, याची आधीच काळजी करायची, हे माझं काम. घरीही मी तेच करते, असं दोघं म्हणतात. आज शुक्रवार, सुट्टी. बाप-लेक पोहायला गेलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय, कारण जपानहून आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुमच्या जावयाला जुन्या वस्तूंचा नाद आहे. इथल्या सूक वाकिफ बाजारातून आणलेल्या पितळी कॉफीच्या किटल्यांनी आमचं एक कपाट भरलंय. क्योटोत एका देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, हे त्याने घरूनच शोधून ठेवलं होतं. मी मात्र सकाळपासून धास्तावलेली. पासपोर्ट तीनदा पाहिले. गर्दीत पोर हरवली तर कुठे भेटायचं ते तिला दोनदा सांगितलं. "आई, आय नो," ती म्हणाली. मोठ्या लाकडी कमानीतून आत गेल्यावर तिने लांब दांड्याच्या पळीने हातांवर पाणी घेतलं, पुढच्या बाईचं बघून देवापुढे दोनदा वाकली, दोनदा टाळी वाजवली आणि डोळे मिटून उभी राहिली. मी डोळे मिटले नाहीत. माझं लक्ष तिच्या पाठीवरच्या सॅककडे होतं. केवढी फुगली होती ती, आणि पुढच्या गल्ल्या केवढ्या अरुंद दिसत होत्या.

देवळाच्या भिंतीलगत दोन्ही बाजूंनी दुकानं मांडलेली. जमिनीवर निळी ताडपत्री, तिच्यावर वाडगे, लाकडी बाहुल्या, गंजलेली कुलुपं, कुणाकुणाच्या घरचे जुने फोटो. तुमचा जावई पुढे गेला. मी दोन हातांत चहाचे दोन कागदी पेले धरून पोरीच्या मागे. एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या फळीपाशी ती वाकली, सरळ झाली, वळली आणि सॅकचा कोपरा एका छोट्या सुरईला लागला. पांढरी, निळ्या पानांची सुरई. मला ती कलताना दिसली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. खाली दगड होता.

म्हातारा आमच्याकडे पाठ करून काहीतरी कागदात गुंडाळत होता. आवाज ऐकून तो वळला, आणि त्याचा चेहरा पुरता वळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "सॉरी, सॉरी. माय हँड. माझ्या हातून पडलं." त्याला इंग्रजी कितपत कळलं कोण जाणे. त्याने आधी तुकड्यांकडे पाहिलं आणि मग माझ्या हातांकडे. दोन्ही हातांत चहाचे पेले होते, अण्णा, काठोकाठ भरलेले. त्यातला एक थेंबही सांडला नव्हता.

मी काहीतरी पुढे बोलणार, तेवढ्यात पोर माझ्या पुढे येऊन उभी राहिली. "नो. इट वॉज मी. माय बॅग." तिने पाठीवरची सॅक दाखवली, आणि देवापुढे वाकली होती तशी त्या म्हाताऱ्यापुढे वाकली. कान लालबुंद झाले होते तिचे. म्हाताऱ्याने खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बोलला आणि इंग्रजीत भाषांतर उमटलेला पडदा तिच्यासमोर धरला. मी वाकून वाचलं. 'लागलं नाही ना?' एवढंच विचारलं होतं. तिने मान हलवली. त्याने तिला हात लावू दिला नाही, स्वतःच तुकडे वर्तमानपत्रावर गोळा केले. तुमचा जावई धावत आला, त्याने किंमत पुढे केली आणि म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी घेतली. पाच मिनिटांत सगळं खलास.

माझ्यासाठी मात्र ते संपलं नाही. देवळाच्या पायऱ्यांवर बसल्यावर पोर माझ्याशी बोलेना. मी म्हटलं, "अगं, तुला कुणी ओरडू नये म्हणून बोलले मी." ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत म्हणाली, "यू डिडन्ट इव्हन लुक ॲट मी." आणि पुढचं वाक्य, न जाणे का, मराठीत. "तुला वाटलं, मी सांगणारच नाही?"

मला तसंच वाटलं होतं. कारण मी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला तो रविवार आठवत असेलच. मी पाचवीत. तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेचे शिपाई, तिथली काचेची भांडी धुवायला निघालात की मी तुमच्या मागे. स्पिरिटच्या दिव्याचा वास, ओल्या नळ्या फडक्यावर उलट्या ठेवलेल्या. शाळेत नवा सूक्ष्मदर्शक आलाय. एकच. लाकडी पेटीत बसतो, आणि त्याला तुमच्याखेरीज कुणी हात लावत नाही. तुम्ही मला त्यातून कांद्याची साल दाखवता. मग बादली घेऊन नळावर जाता आणि जाताना म्हणता, "हात लावू नकोस, आलोच." मला मुंगीचा पाय बघायचा असतो. सूक्ष्मदर्शक पुढे घेताना तो नळीला धरून उचलायचा नसतो, हे मला माहीत नसतं. तो शहाबादी फरशीवर पडतो तेव्हा फार मोठा आवाजही होत नाही. मी तो उचलून पेटीत ठेवते, कडी लावते आणि बाकावर जाऊन बसते.

तुम्ही आलात. पेटी कपाटात ठेवायला उचललीत तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. तुम्ही थांबलात. आता माझ्याकडे पाहाल, असं मला वाटलं. तुम्ही पाहिलं नाहीत. पेटी ठेवलीत, कुलूप लावलंत आणि म्हणालात, "चल, आई वाट बघत असेल."

सोमवारी हेडसरांनी तुम्हाला बोलावलं, तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात खांबाआड उभी होते. हे तुम्हाला माहीत नव्हतं. "माझ्या हातून पडलं, सर," तुम्ही म्हणालात. "तुमच्या हातून?" हेडसरांनी विचारलं. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "तुमच्या हातून?" सगळ्या शाळेला ठाऊक होतं, तुमच्या हातून कधी साधी परीक्षानळीही फुटली नव्हती. त्यानंतर प्रयोगशाळेची किल्ली दुसऱ्याकडे गेली आणि तुम्हाला फाटकावर, घंटा द्यायला बसवलं. दहावीपर्यंत प्रत्येक तासाला मी तुमची घंटा ऐकली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना सर म्हणाले, वेळेचा इतका पक्का माणूस शाळेने पाहिला नाही. तुम्ही हसलात. मी टाळ्या वाजवल्या.

आठवीत तुम्ही मला पितळी कडीचं भिंग आणून दिलंत. म्हणालात, "घे, याने काय हवं ते बघ." मला वाटलं, आता विचारतील. त्या भिंगाला मी कधी हात लावला नाही, आईच्या ट्रंकेत तळाशी टाकून दिलं. आज वाटतं, तुम्ही विचारत नव्हता, मला मोकळं करत होता. पण अण्णा, मला ते कळलं नाही. तुम्ही मला वाचवलंत, आणि मी मात्र बारा वर्षं तुम्ही विचाराल म्हणून घाबरत राहिले. तुम्ही गेलात, आणि विचारणारं कुणी नसतानाही ती भीती तशीच राहिली. एकदा रागावला असतात तर काय झालं असतं? हे बोलायचा मला हक्क नाही, पण पोरीचा चेहरा पाहिल्यापासून हेच मनात येतंय.

परवा बिरकत अल अवामेरला कामगारांच्या वसाहतीत माझी मीटिंग होती. नेहमीसारखं हिंदीत सांगितलं, चूक झाली तर लपवू नका, कुणी ओरडणार नाही. मागून एक वयस्क फोरमन शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपने कभी बताया है?" लोक हसले. मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला.

पोर आता येईल, केस ओले, भूक भूक करत. तिला सूक्ष्मदर्शकाचं सांगायचं रोज ठरवते आणि रोज राहतं. आज सांगेन, इन्शाल्ला. हे तिने वाचण्याआधी मी तोंडाने सांगितलं पाहिजे, म्हणून तोवर हा कागद मी रेसिपीच्या वहीत लपवून ठेवणार आहे. तसाही तो कुठे पाठवणार?

एक मात्र तुम्हालाच सांगायचंय. त्या सोमवारी संध्याकाळी आईने थालीपीठं लावली होती. तुम्ही पोट बरं नाही म्हणून ताट सारलंत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. मी तीन थालीपीठं खाल्ली, लोणी लावून. मला फार बरं वाटत होतं.