काकूच्या पेटीचा व्हॉल्व्ह

११ जुलै २००४, रविवार

जेवताना काकांनी जाहीर केलं — यंदा गणपतीत आरतीला सीडी लावायची. काकूनं डाव्या हातावरची शाल सारखी केली आणि वरणभात खात राहिली. मार्चमध्ये स्ट्रोक आल्यापासून त्या हाताची बोटं हलत नाहीत. तो हात ती कायम शालीखाली ठेवते. जुलैतसुद्धा.

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या या घरात गणपती बसायला लागला तेव्हापासून पेटी काकूचीच. उजव्या हातानं सूर, डाव्यानं भाता. उजवा ठणठणीत आहे. प्रश्न फक्त भात्याचा. काकांनी एकदा सुचवून पाहिलं होतं की मी भाता मारतो, तू वाजव. तेव्हा ती म्हणाली होती, "श्वास कोणाचा असेल त्यात? तुमचाच ना?"

पंपानं हवा दिली तर? दिवसभर मी दुकानात पंप, नळ्या आणि व्हॉल्व्हच तर खोक्यांत भरतो! पण सुचवायला धीर होत नाही. डिप्लोमा अर्धा सोडलेल्या माणसानं काकांना काय सांगायचं?

१४ जुलै

सांगितलं.

काका तीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते. त्यांनी जाहिरातीच्या पाकिटामागे लगेच चित्र काढलं. गादी फुगवायचा ब्लोअर कपडे धुण्याच्या खोलीत ठेवायचा, म्हणजे आवाज येणार नाही. तिथून नळी पेटीत. मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह, काकूला हवा कमी-जास्त करायला. "सिंपल आहे. व्हॉल्व्ह तू निवड, कॅटलॉग तुझ्याकडे आहेत."

पेटीच्या आत कोपऱ्यात जेमतेम मूठभर जागा आहे. म्हणजे व्हॉल्व्ह लहान पाहिजे. फार लहान.

२० जुलै

निवडला. विजेवर चालणारा, काडेपेटीएवढा. मापं तीनदा तपासली. मग ऑर्डर लिहिली.

२५ जुलै, रविवार

व्हॉल्व्ह उघडलाच नाही!

काकांनी चष्मा वर करून पत्रक वाचलं. या जातीच्या व्हॉल्व्हला उघडायला आतल्या हवेचाच जोर लागतो. कारखान्यात तो असतो. पेटीत हवा म्हणजे चहावर फुंकर मारावी तेवढी. "याला मागून कोणी ढकलल्याशिवाय हा उघडायचा नाही. अगदी तुझ्यासारखा आहे, शैलेंद्र."

नंतर स्वतःच हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग मीही हसलो. पण पत्रकात ते छापलेलं होतं. मी फक्त आकार बघत बसलो होतो.

२६ जुलै

आमच्या दुकानात काउंटरवर असणाऱ्या डेलनं व्हॉल्व्ह परत घेतला. कारण विचारलं नाही, फक्त हवा कशासाठी हवी ते विचारलं. पेटी म्हणजे काय हे समजावताना माझी फार तारांबळ उडाली. शेवटी तोंडानं वाजवून दाखवली. तो म्हणाला, आधी दाब बघ, मग भोक, आकार सगळ्यात शेवटी.

७ ऑगस्ट, शनिवार

दुसरा आणला. हा दाबाशिवाय उघडतो, भोकही मोठं. सूर आला! स्वयंपाकघरातून काकू वॉकर घेऊन आली, खुर्चीत बसली, शाल सांभाळली आणि वाजवायला लागली.

टक — सूर चालू. टक — बंद. व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद; मधलं काहीच नाही.

चार ओळींनंतर तिनं हात काढला. "सूर आहेत रे. पण दारावरची बेल वाजतेय असं वाटतं."

काका सीडी शोधायला गेले.

१५ ऑगस्ट, रविवार

आज एक गंमत झाली. नळी जोडावर सैल झाली होती आणि हवा बाहेर जात होती. मी ती फट अंगठ्यानं दाबली — सूर मोठा झाला. अंगठा सैल केला — सूर हळूहळू विरला. आपोआप, मऊ!

म्हणजे पेटीकडे जाणारी हवा अडवायचीच नाही. वाटेत एक फाटा काढायचा आणि जास्तीची हवा सोडून द्यायची. तिथे नेहमी उघडा असणारा व्हॉल्व्ह हवा. दट्ट्या दाबावा तसा तो हळूहळू बंद होईल. वीज नको, टक नको.

काकांना दाखवलं. त्यांनी पाकिटावरचं आपलं चित्र खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

१८ ऑगस्ट

डेलनं मागच्या कपाटातून पेढ्याएवढा व्हॉल्व्ह शोधून दिला. सोबत तीन स्प्रिंगा — हलकी, मधली, जड. हलकी निवडली. काकूला जोर पडायला नको.

२९ ऑगस्ट, रविवार

व्हॉल्व्ह लाकडी फळीवर बसवून काकूच्या उजव्या पायाखाली ठेवला. तिनं वाजवलं. ओळ संपली की पाय सैल करायची, सूर विरायचा, पुढच्या ओळीला पुन्हा भरून यायचा. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले की ब्लोअर फार आवाज करतोय. तो मुळीच ऐकू येत नव्हता.

आणि मग ती थांबली. पायाकडे बघितलं.

"पेटीला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, शैलू. आणि मी गणपतीपुढे पायानं वाजवू?"

हे मला कसं सुचलं नाही! लहानपणापासून शंभरदा केलेला नमस्कार. दाब बघितला, भोक बघितलं, आकार बघितला. हे बघितलं नाही. काकांनाही सुचलं नव्हतं. त्यांनी वाकून फळी तिच्या पायाखालून काढून घेतली.

पाय नाही. उजवा हात सुरांवर. मग उरतं ते एकच. माझी नजर शालीकडे गेली.

४ सप्टेंबर, शनिवार

काकूनंच विषय काढला. "डाव्या हाताखाली लाव. खांद्यातून थोडा उचलता येतो. खाली आपला आपण पडतो."

खुर्चीच्या डाव्या हातावर व्हॉल्व्ह बसवला. काकांनी स्क्रू पिळले, मी पातळी बघितली. तिनं शाल बाजूला केली. तो हात मी कित्येक महिन्यांनी बघितला. बारीक झालाय. दट्ट्यावर टेकवला, तर नुसत्या वजनानं तो खाली गेला. बरं झालं हलकी स्प्रिंग निवडली!

११ सप्टेंबर

रोज सराव चाललाय. कधी हात वेळेवर उचलला जात नाही, सूर लांबतो. ती स्वतःलाच रागावते. काकांनी सीडी अजून टेबलावरच ठेवली आहे. मला धास्ती वाटते.

१८ सप्टेंबर, शनिवार

आरती झाली. पेटीवर. दोन ठिकाणी सूर लांबला, तिथे सगळे जरा जास्त वेळ गात राहिले.

आरतीला आलेल्या सुहासिनीमावशी पेटीमागे वाकून भाता कुठे गेला ते शोधत होत्या. काका त्यांना म्हणाले, "तो लाँड्रीत आहे. भेटून या."

सीडी काकांनी कधी उचलली, कळलं नाही.

२० सप्टेंबर, सोमवार

काल विसर्जन झालं. आज पेटी आवरायला गेलो तर काकूनं थांबवलं. उरलेल्या स्प्रिंगा टाकल्यास का, असं विचारलं. मला वाटलं काहीतरी बिघडलं.

"बिघडलं नाही रे. ही नुसत्या वजनानं दबते. मला दाबायचंय."

मधली लावली. तिनं डाव्या हाताची बोटं त्यावर ठेवली. दट्ट्या हलला नाही.

पण तिच्या दोन बोटांची टोकं दाबून पांढरी झाली होती.