आये, मी साताऱ्यात घर घेतलं

आये,

मी साताऱ्यात घर घेतलं. किल्ल्याच्या पायथ्याला, जुन्या पेठेत. खाली दोन खोल्या, वर एक, आणि मागं अंगण. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं. तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे मला. तुझ्या नावानं उभ्या आयुष्यात कधी पत्र आलं नाही, कारण टाकणाऱ्यानं ते टाकावं कुठं? दिवाळी झाली की आपण मेंढरं घेऊन आटपाडीहून निघायचो, ते पावसाळा तोंडावर आला की परत. मधल्या दिवसांत आपलं बिऱ्हाड कधी पलूसच्या उसाकडेला, कधी कऱ्हाडच्या पुढं. शाळेत, नोकरीत, जिथं जिथं मला कायमचा पत्ता विचारला, तिथं मी गावातल्या त्या खोलीचा सांगत आले, जिला आपण निम्मं वर्ष कुलूप लावायचो.

आता मी रोज शिरवळच्या कंपनीत जाते. सकाळी हायवेला कंपनीची बस येते, खंबाटकी ओलांडते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. साताऱ्यात आता घराघरांत असं एखादं माणूस आहे, उजाडताच पुण्याकडं तोंड करून निघणारं. तुझे जावई इथंच शाळेवर आहेत. लग्नापासून आम्ही भाड्यानं राहिलो. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. तो संपत आला की मालक गोड बोलायला लागतो, आणि मग आपण समजून घ्यायचं की ट्रंका काढायची वेळ झाली. मागच्या खेपेला सामान टेम्पोत चढत होतं, पातेल्यात पातेली घातलेली, वर गादीची वळकटी, आणि मला एकदम आपलं घोडं दिसलं. त्याच्या पाठीवर तू असाच संसार लादायचीस, वर कोंबड्या बांधायचीस. तिथंच टेम्पोशेजारी उभं राहून मी यांना म्हटलं, आता बास. यापुढं मला कुणी ऊठ म्हणणार नाही.

'ऊठ' हा शब्द तुझ्यामुळं डोक्यात बसलाय. आठवतं का, कुंडलच्या शिवारात आपली मेंढरं बसली होती? मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरी आपल्याला धान्य द्यायचे आणि वर मानानं बोलवायचे. तू भल्या सकाळी मालकाच्या दारात जाऊन खणखणीत आवाजात विचारायचीस, "दादा, आज रानाच्या कुठल्या पट्टीत बसवायची?" त्या दिवशी मी तुझ्यामागं आले होते. उन्हाचा चटका होता. मालकिणीनं मला हातावर भाकरी दिली आणि मी ती खात तिच्या पायरीवर सावलीला टेकले. तू वळून बघितलंस. दंडाला धरून उठवलंस. "ऊठ. दुसऱ्याच्या पायरीवर बसायची सवय लागली की पायरी आपली वाटाय लागती." मालकीण म्हणाली, "आवं, बसू द्या की, पोर हाय." तू ऐकलं नाहीस. त्या रागात मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. आजही तो दंड आठवला की डोळे भरून येतात. तुझा राग येतो आणि तुझी कीवही येते, दोन्ही एकदम.

पुढच्या वर्षी तू मला मावशीकडं शाळेला ठेवलंस आणि मेंढरं घेऊन निघून गेलीस. "तू हितंच ऱ्हा," एवढंच बोललीस. बाकीच्यांना आया खाऊ देतात, कापडं देतात. तू मला एका जागी राहणं दिलंस. त्याच्यावर मी शिकले, कंपनीत प्रयोगशाळेत लागले, सगळं त्याच्यावर.

घर शोधताना माझी फजिती झाली ती ऐक. आधी हायवेलगत नवीन इमारतीत फ्लॅट बघायला गेलो. मी सवयीनं विचारलं, "वारा कुठनं लागतो? पाणी कुठल्या अंगाला उतरतं?" तळ टाकायच्या आधी तू हेच बघायचीस ना. फ्लॅट दाखवणारा टायवाला मुलगा गडबडला आणि म्हणाला, "मॅडम, वास्तू एकदम परफेक्ट आहे!" लगेच त्यानं फोन लावून कुणा वास्तूतज्ज्ञाला बोलावून घेतलं. तो तासभर आग्नेय आणि ईशान्य समजावत बसला. हे खिडकीत तोंड घालून हसत होते. वारा कुठनं येतो ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मग पेठेतलं हे घर सापडलं. भावाला ते बघायला बोलावलं, तर तो दारातूनच सुरू झाला. "आक्का, हितं कशाला पैसा घालतीस? आपल्या रानात पाणी आलंय आता. डाळिंबं लागल्यात. गावाकडं बांध की बंगला. लय झालं परक्याच्या गावात." मी म्हटलं, "परक्याचं कसं? घर घेतलं की गाव आपलंच." तो म्हणाला, "आपल्या मानसाला कोन आपलं म्हनतंय?" रागानं नाही, सरळच बोलला. म्हणून जास्त लागलं.

आणि झालंही तसंच. घराचे मालक निवृत्त गृहस्थ, मुलं पुण्यात. माणूस वाईट नाही. चहा दिला, कास तलावाचं पाणी नळाला येतं हे कौतुकानं सांगितलं. मग आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं. मी आटपाडीकडचं म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मेंढपाळ? नाही, तसं काही नाही. पण तुम्ही मंडळी फिरस्ती. मी हे घर एकेक वीट उभं राहून लावून घेतलंय. राखलं जाईल ना? आणखी दोघे विचारतायत, त्यांनाही बघतो."

यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. हे घर हातचं जाणार, हे मला दिसत होतं. गप्प बसले असते तर कदाचित ते मवाळ झाले असते. पण माझा दंड कुणीतरी धरलाय असं वाटलं, आणि या खेपेला मी उठणार नव्हते. मी म्हटलं, "काका, आमच्या आईनं सोडलेल्या जागेवर चुलीची राखसुद्धा राहायची नाही. दुसऱ्याचं रान इतकं राखलं तिनं. मी तर माझं घर राखणार आहे. त्या दोघांना जरूर बघा. पण आमच्या गावाबद्दल आता काही विचारू नका. घराबद्दल विचारा." आवाज तुझाच निघाला, अगदी दारात उभं राहून पट्टी विचारणारा.

वाटेत हे म्हणाले, "गेलं घर." मी म्हटलं, "गेलं तर दुसरं बघू. साताऱ्यातच बघू." पुढच्या आठवड्यात मालकांचा फोन आला, "या, कागद करून टाकू." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. किल्ली देताना म्हणाले, "मागची मोरी पावसाळ्याआधी साफ करा." मी हो म्हटलं. आता त्यांचं-आमचं बरं चाललंय.

आये, हे पत्र मी कुठं टाकणार नाही. डब्यात ठेवीन आणि वर डाळ भरीन. पण एक गोष्ट यांनाही सांगितलेली नाही. परवा दिवाळी सरली. काल सकाळी बसमधून हायवेकडेला मेंढरं चाललेली दिसली, पुढं लादलेलं घोडं, मागं एक बाई, झपाझपा चाललेली. बस पुढं गेली. संध्याकाळी मी माझ्या घरी आले, माझं कुलूप काढलं, आणि माझे पाय काही केल्या घरात ठरेनात. या खोलीतून त्या खोलीत, अंगणात, परत आत. निघायची वेळ झाली असं सारखं वाटत राहिलं. मी कुठं जाणार नाही. हे घर मी भांडून घेतलंय आणि इथंच राहणार आहे. पण इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुला घर नव्हतं म्हणून तू चालायचीस. तुला चालायला आवडायचं का गं? हे मी तुला एकदाही विचारलं नाही.