पाकिटातला आकडा

४ मार्च

संपलं! सात वर्षांचं गणित आज दुपारी सव्वाचारला थांबलं. संगणकांच्या खोलीतले पंखे बंद झाले तेव्हा कळलं — इतकी वर्षं आपण ओरडून बोलत होतो.

प्रश्न एवढासाच. अणूच्या गाभ्यात क्वार्क नावाचे कण एकमेकांना धरून बसतात, ती पकड किती तापवल्यावर सुटते? एरवी सुटत नाही. ओढाल तितकी घट्ट. शाळेत संस्कृत घोकल्याचा परिणाम म्हणून मी म्हणते — यांना द्विवचन आहे, बहुवचन आहे, एकवचन मात्र नाही! या विनोदाला आजवर फक्त सर हसले. तेही पहिल्याच वेळी.

५ मार्च

आनंद नाही. पडद्यावरचं उत्तर खोटं आहे — मुद्दाम. आमच्यातली रीतच ती. "माणूस उत्तराच्या प्रेमात पडतो, मग गणिताला दलाली करायला लावतो," सर म्हणायचे. म्हणून अगदी सुरुवातीला त्यांनी सगळ्या आकड्यांना एका गुप्त आकड्याने गुणलं, मूळ प्रत पुसली, गुप्त आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि पाकीट लाखेने बंद केलं. ते विभागप्रमुखांच्या कपाटात. गणित गोठवल्यावरच उघडायचं. त्या आकड्याने भागलं की खरं तापमान.

महिनाअखेर आमचा विभाग बंद होतोय. हे गणित पुन्हा करायला कोणी देणार नाही.

८ मार्च

सरांकडे गेले. "नळ बघायला आलात ना?" म्हणाले. हो म्हटलं. नळ बघितला. खरंच गळत होता!

"मागच्या वेळी तू विमेवाली होतीस," काकू म्हणाल्या. "आता निदान उपयोगाची तरी झालीस."

विसरणं सुरू होऊन दोन वर्षं झाली. "त्याआधी हे ठणठणीत होते गं," काकू दर वेळी सांगतात — जणू मी शंका घेतलीय.

निघताना सहज विचारलं, सर, तो आकडा? एकदम ताठ बसले. "पाकिटात आहे. चावट कुठली!"

जिन्यात रडू आलं. एवढं तरी उरलंय त्यांच्याजवळ. ते आहे तोवर उत्तर सांगायला हवं. एकदा. कळलं तर कळलं.

११ मार्च

गोठवलं. आता स्वल्पविरामही हलवता येणार नाही.

१२ मार्च

लाख शाबूत. वरची सही शाबूत. आत सरांचं टपोरं अक्षर, तारीख पाकीट बंद केलं त्याच दिवसाची —

"फाटकातून डावीकडे. औषधांचं दुकान. मग दुसरी गल्ली. हिरवं दार. हिला कळू द्यायचं नाही."

विभागप्रमुख कागद उलटासुलटा करत राहिले. "अहो, आकडा कुठाय?"

दोन वर्षं नव्हे. सात!

१३ मार्च

काकूंना चिठ्ठी दाखवली नाही. नुसतं विचारलं — आमचं गणित सुरू झालं, त्या दिवशी सर घरी कधी आले होते?

"तो दिवस? वाट बघून जीव गेला माझा! आले ते घामाघूम. मुठीत चुरगळलेला कागद, त्यावर नुसता एक आकडा. मी केरात टाकला. म्हणतात कसे — 'यावरून घर काही सापडेना.' काय थट्टेखोर होते गं तेव्हा!"