टोचणीच्या रांगेत

माय,

हैज्याच्या साथीतला तो दिवस आठवला की मला अजून आपल्या गावाची किळस येते. आर्वीहून जीप आली होती. शाळेच्या वऱ्हांड्यात टोचणी सुरू झाली आणि औषध थोडंच आहे अशी आवई उठली. झालं, सगळे एकदम शहाणे झाले. म्हाताऱ्यांनी बाजूला व्हावं, कमावत्या माणसांना पुढे जाऊ द्यावं, असं सरपंच हात जोडून सांगतोय. काय ती नम्रता! स्वतः साठी ओलांडलेला, आणि सकाळीच घरी खुर्चीत बसून टोचून घेतलेला. त्याचं वय कोणी काढलं नाही.

शेजारचे आजोबा निमूट रांगेतून निघाले. लोक म्हणाले, देवमाणूस! तू मात्र जागची हलली नाहीस. मी तुझ्या मागेच उभी होते. मग सरपंच तुझ्यापाशी आला.

"वैनी, नातवंडं झाली, तीरथ झालं. आता काय राह्यलं तुमचं?"

"मले जगाचं हाय, भाऊजी."

"आनखी काऊन?"

"काऊन म्हंजे? चाय गोड लागते मले अजून. तुमी काऊन जगून राह्यले, ते सांगा मंग."

विधवा बाईने चारचौघांत जगायचंय म्हणावं, हे त्या लोकांना हैज्यापेक्षा भयंकर वाटलं. तू पदर सावरून दंड पुढे केलास. नर्सबाईने सुई टोचली. संध्याकाळी उरलेलं औषध घेऊन जीप परत गेली. हो, उरलं होतं.

आजोबा त्याच आठवड्यात हैज्याने गेले. तेरवीला सरपंचाने त्यागावर भाषण ठोकलं आणि गावाने बुंदी हाणली. उरलेल्या औषधाबद्दल एकाचंही तोंड उघडलं नाही. तोंडं भरलेली होती ना! तुला मात्र ते शेवटपर्यंत हावरी म्हणत राहिले. तूही त्यांच्या नाकावर टिच्चून, दारात बसून, पुढे कितीतरी वर्षं खुशाल जगलीस.

काल माझ्या लेकाने डॉक्टरला माझ्यासमोरच विचारलं, "या वयात ऑपरेशन करून काय उपयोग?" किती काळजीचा आवाज! माणसं शिकली, शहरात गेली, पण हा आवाज काही बदलला नाही. आणि मी, तुझी लेक, समजूतदारपणे मान हलवून मोकळी झाले. सून म्हणाली, आई किती समंजस आहेत.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? उशाखाली ठेवते. ऑपरेशन मला हवंय, माय. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.